पायाळूची जागा

इसम नामे कडूबा श्रीपत सोनुने. वय पन्नाशीच्या आसपास: शाळेच्या दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरं आणि आईच्या हिशेबानं 'मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या साली' असं तिसरं. राहणार धाडच्या अलीकडल्या फाट्यावर उतरून कोसभर चालत गेलं की लागणारं गाव, तालुका व जिल्हा बुलढाणा. धंदा शेती, थोडी स्वतःची, बरीच दुसऱ्याची. बांधा सडपातळ, वर्ण सावळा, मिशी असून नसल्यासारखी. शिक्षण सातवी, त्यातून पावसाळे वजा. वर्तणूक चांगली. दाखलपात्र गुन्हा नाही. ओळखीची खूण: पायाळू. उपद्रव: एरवी नाही, आभाळ भरून आल्यास संभवतो.

शासनाच्या कुठल्याच नमुन्यात 'पायाळू' असा रकाना नाही. जात, पोटजात, दारिद्र्यरेषा, शौचालय, सगळं आहे, हे नाही. गावाच्या लेखी मात्र कडूबाची तेवढीच नोंद होती. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर आले तो. बाकीची दुनिया डोक्याकडून येते आणि पुढे डोक्याचा फारसा उपयोग करत नाही, ती गोष्ट निराळी. पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे काही कलमं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं. त्याची लाथ बसली की कमरेतली चमक उतरते. आणि वीज त्याला हुडकत येते. पहिली दोन कलमं गावाच्या फायद्याची होती. तिसरं कडूबाच्या वाट्याचं.

त्याचे पाय आधी आले ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, सुईणीला आणि आईला. सुईण फार बोलणारी नव्हती. आईनं, मनकर्णाबाईनं, मात्र बारशाला आलेल्या बायकांना आपण होऊन सांगितलं. आधीची पोरं हाती लागली नव्हती. या पोराला काळानं तोंड लावू नये म्हणून नाव कडू ठेवलं होतं. पण पायाळू पोरगा म्हणजे घराला मान, आणि मान मिळत असताना तो कोण सोडतो? एका हातानं पोराला लपवलं आणि दुसऱ्या हातानं दाखवलं. सांगितलं तेव्हा आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे तिसरं कलम कुणालाच आठवलं नाही.

ते शाळेत आठवलं. ढग गरजला की गुरुजी कडूबाला घरी पाठवत. गुरुजींचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे ते स्वतःच सांगत. पण वर्गात एवढी पोरं, वर लोखंडी पत्रे; उगाच कशाला. गावातली कुठलीही गोष्ट नीट तपासून पाहिली तर तिच्या तळाशी श्रद्धा सापडत नाही, अश्रद्धाही सापडत नाही. हे 'उगाच कशाला' सापडतं. कडूबाला सुरुवातीला त्याची मजाच वाटली. दप्तर पाठीला लावून पावसात बाहेर पडणारा तो शाळेतला एकटाच मुलगा होता, आणि बाकीची पोरं खिडकीतून त्याच्याकडे हेव्यानं बघत.

मोठा झाल्यावर लाथेचं काम सुरू झालं. रविवारी दिवस उगवायच्या आत गिऱ्हाईक त्याच्या अंगणात येई, उगवतीकडे तोंड करून उभं राही, आणि कडूबा मागून त्याच्या कमरेत हलकीशी लाथ घाली. यात पैशाचा व्यवहार नव्हता. पायाळूनं पैसा घेतला की गुण जातो म्हणतात, आणि हे कलम कुणी काढलं असेल ते सांगायला नको. लाथ घेणाऱ्यांत माणिकराव पहिले. माणिकराव गावचे माजी सरपंच, वजनदार माणूस, आणि ते वजन कमरेला पेलत नसे. आता आपल्याहून वडील माणसाला पाय लावायचा म्हणजे पाप. म्हणून कडूबा लाथ मारायचा आणि लगेच वाकून माणिकरावांच्या पाया पडायचा. माणिकराव आधी लाथ घ्यायचे, मग आशीर्वाद द्यायचे. हा विधी पुष्कळ वर्षं चालला आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

लग्न मे महिन्यात झालं, वळवाच्या दिवसांत. मुलगी घाटाखालची, वरवट बकालकडची, नाव वंदना. सोयरीक जुळवताना पाहुण्यांनी विहिरीला पाणी किती, पोरगा घेतो का, सगळं विचारलं होतं. जन्मताना आधी काय आलं हे विचारायचं कुणाला सुचणार? मंगलाष्टकं अर्ध्यावर आली आणि जालन्याच्या अंगानं ढग गरजला. वऱ्हाडी अक्षता टाकता टाकता मागे सरकू लागले. लांबून फेकल्यामुळे बऱ्याच अक्षता भटजींनाच लागल्या. भटजींनी उरलेली कडवी एका दमात संपवली आणि मुहूर्त त्याच्या वेळेच्या जरा आधीच साधला. अंतरपाट धरणारे दोघंही तो नवरा-नवरीच्या हातांवर टाकून निघून गेले होते, म्हणून तो वंदनेनंच बाजूला केला. समोर नवरा उभा, त्याच्यामागे रिकामा मांडव. पुढे ती सांगायची, "मले वाटलं, पंगत बसली."

खरा प्रकार कळल्यावर ती रडली नाही, माहेरी निघूनही गेली नाही. घरात तेव्हा मीटर आलेलं नव्हतं. तिनं सासूला एवढंच विचारलं, "वीज ह्यायच्यावर पडते म्हंता. मंग घरात काऊन येत नाही?"

पुढे त्यांना मुलगी झाली, छकुली. ती बुलढाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून झाली, त्यामुळे डोकं की पाय हा वाद उद्भवलाच नाही. तरी मनकर्णाबाईनं डॉक्टरीणबाईला बाजूला घेऊन विचारलं. काय उत्तर मिळालं ते तिनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. एकदा सांगून बसल्याचा अनुभव होता.

आता कडूबाच्या जागेविषयी. गावाबाहेर शालिग्राम नावाच्या शेतकऱ्याच्या शेताला लागून नाला आहे. नाल्यावरून रस्ता जातो, आणि पाणी जायला रस्त्याखाली सिमेंटचे मोठाले नळे टाकलेले आहेत. नळ्यात उभं राहता येत नाही, बसता येतं. नाला वर्षाचा बहुतेक काळ कोरडा. आजूबाजूला झाड नाही, खांब नाही आणि मुख्य म्हणजे दुसरा माणूस नाही. लहानपणी शाळेतून घरी येताना कडूबाला ही जागा सापडली आणि तिथेच त्याचं पावसाळी बिऱ्हाड झालं. गडगडलं की हातातलं काम ठेवायचं, डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायची आणि निघायचं. शाळेनंतर पुन्हा कुणी 'जा' म्हणावं अशी वेळ त्यानं कधी येऊ दिली नाही. कीर्तनातून उठला, पंगतीतून उठला, एकदा सख्ख्या चुलत्याच्या मयतीतून उठला. त्याचा हिशेब सरळ होता: पडायचीच असेल तर माझ्यावर पडो, माझ्यापायी दुसऱ्यावर कशाला. लोक त्याला समजदार म्हणत. आपल्या सोयीनं वागणाऱ्याला आपण हाच शब्द वापरतो.

सुरुवातीला वंदना त्याच्याबरोबर नळ्यात जाऊन बसायची. छकुली झाल्यावर ते बंद झालं. मग तो गेला की ती घरातून ढगाशी भांडत बसे.

नळ्यात इतकी वर्षं काही झालं नाही, यात नळ्याचं कर्तृत्व नव्हतं. पूर्वीचा पाऊस दिवसभर पडायचा आणि नाला वळणं घेत घेत, वाटेत थांबत, दमानं भरायचा. अलीकडे पाऊस पडतो कमी आणि कोसळतो जास्त. शिवाय वरच्या अंगाला नाला खोल आणि सरळ करून झालेला आहे. पूर्वी जे पाणी पाहुण्यासारखं निरोप पाठवून यायचं, ते आता जप्तीसारखं येतं. हे सगळ्यांना दिसत होतं. कडूबालाही दिसत असणार. पण त्याला विजेची काळजी होती, आणि माणसाला एका वेळी एकच काळजी नीट करता येते.

दोन वर्षांमागे उन्हाळ्याच्या शेवटी ग्रामपंचायतीच्या सभागृहात आपत्तीचं प्रशिक्षण झालं. तालुक्याहून मयुरी मॅडम म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. लोक बऱ्यापैकी जमले, कारण चहा कार्यक्रमाच्या शेवटी होता. मॅडमनी सांगितलं ते साधं आणि सरळ होतं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका. झाडाखाली थांबू नका. लोखंडी खांब, तारेचं कुंपण, पाइप यांपासून दूर राहा. उघड्यावर सापडलात तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसो, गाडी घालू नका, पाय घालू नका.

माणिकरावांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या गावात वीज वढनारा मानूसच हाये. यंत्र बसवाचं काम नाही." सभागृह हसलं. कडूबाही हसला. मग त्यानं उभं राहून, हात जोडून, खरोखरच विचारलं, "मॅडम, पायाळू मानसानं कुठं बसावं?"

मॅडमना आधी पायाळू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. चार जणांनी मिळून समजावलं. त्या म्हणाल्या, "सगळे बसतात तिथंच बसायचं, काका. वीज कोणाचा जन्म कसा झाला ते बघत नाही. उंच काय आहे आणि उघड्यावर कोण आहे, एवढंच तिला कळतं." मग आजवर तो कुठे बसत आला ते त्यांनी विचारलं, आणि ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. नळ्यात पुन्हा कधीच बसू नका, नाल्याच्या काठालाही नको, असं त्यांनी बजावलं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. वर कुठे कोसळला तरी पाणी तुमच्यापर्यंत येईल, आणि ते ऐकू येईल तेव्हा उठायला वेळ नसेल. मग त्या लोकांकडे वळून म्हणाल्या, "काकांना आत घ्या बरं का."

सगळ्यांनी 'हो' म्हटलं. एवढ्या एकमतानं त्या सभागृहात दुसरा ठराव झाल्याचं ऐकिवात नाही.

त्या संध्याकाळी कडूबानं घरी येऊन वंदनेला सांगितलं, "मॅडम म्हने, सारे बसतात तिथंच." ती म्हणाली, मंग बसा. त्यानं ते आईलाही सांगितलं. मनकर्णाबाईला कमी ऐकू येतं, म्हणून त्याला ते मोठ्यानं दोनदा सांगावं लागलं. पुढे बरेच दिवस तो हे वाक्य काहीतरी आठवल्यासारखं मध्येच म्हणायचा. पन्नाशीच्या माणसाला कुणीतरी, तेही सरकारी माणसानं, तू इतरांसारखाच आहेस असं पहिल्यांदा सांगितलं होतं. माणसं मोठेपणाच्या दाखल्यासाठी खेटे घालतात; याला साधेपणाचा मिळाला होता.

त्यानंतरच्या पावसांत तो घरीच बसू लागला. स्वतःच्या घरात, वंदनेसमोर, चहाची कपबशी हातात घेऊन. काही झालं नाही. पण स्वतःचं घर वेगळं आणि दुसऱ्याचं दार वेगळं. जन्मभर जो कुणी म्हणायच्या आत उठून गेला, त्याला 'येऊ का' एवढे दोन शब्द फार जड जातात. मधल्या काळात ते वापरायची वेळ आली नाही. मागल्या सप्टेंबरात आली.

शालिग्राम हा कडूबाचा वर्गमित्र. शाळेच्या खिडकीतून हेव्यानं बघणाऱ्यांतला. शेती बरी, स्वभाव त्याहून बरा. चार-पाच वर्षांपासून त्यानं शेडनेट उभं केलं आहे: लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर हिरवी जाळी, आत मिरचीचं बियाणं. या कामात एकेका फुलाचं लग्न हातानं लावावं लागतं. बायका चिमट्यानं कळी उघडतात आणि दुसऱ्या ओळीतल्या फुलाचा पराग तिला लावतात. शेडनेटला लागून स्लॅबची पक्की खोली आहे, बियाण्याची पोती ठेवायला. कडूबा तिथे फवारणीला आणि वरच्या कामाला असे, वंदना फुलांच्या कामाला. शालिग्रामची सून समता देखरेख करायची. तिला सातवा महिना होता आणि घरी बस म्हटलेलं ती ऐकत नव्हती.

त्या दिवशी धाडचा बाजार होता म्हणून वंदना कामावर नव्हती. माणिकराव चमक भरली म्हणून रविवारची वाट न बघता सकाळीच शेडनेटवर आले होते. लाथ झाली, पाया पडणं झालं, चहा झाला. कमर हलकी वाटली म्हणून ते तिथेच रेंगाळले. दुपारनंतर अजिंठ्याच्या अंगानं आभाळ काळं झालं. सगळ्यांचे मोबाइल पाठोपाठ वाजले. विजांसह वादळी पावसाचा इशारा होता. बायकांनी चिमटे ठेवले, पाइपांखालून बाहेर पडल्या आणि सरळ पक्क्या खोलीत गेल्या. बांधावरच्या लिंबाखाली कुणी थांबलं नाही. माणिकरावांनी आपली मोटारसायकलसुद्धा लिंबाखालून काढली. एका प्रशिक्षणाचा इतका चोख परिणाम क्वचितच बघायला मिळतो.

कडूबा मागे राहिला, कारण फवारणीचा पंप झाकून ठेवायचा होता आणि जाळीचा पडदा बांधायचा होता. ते करून तो खोलीपाशी आला. डोक्यावर पोत्याची खोळ. उंबऱ्याबाहेर त्यानं चपला काढल्या. खोलीत काय वाटलं ते तिथल्या प्रत्येकानं नंतर वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: चपला काढल्या तेव्हा सगळे गप्प झाले.

"शालिकभाऊ," तो म्हणाला, "मॅडम म्हनल्या होत्या ना. येऊ का आत?"

"ये ना बे. तुले कोन नाही म्हनते?"

शालिग्रामचा आवाज मनापासूनचा होता. पण तेवढ्यात बाहेर लख्ख झालं, मागून आभाळ गडगडलं, आणि त्याची नजर समताच्या पोटाकडे गेली. बायकांनी खाली बघितलं. माणिकराव मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. शालिग्रामचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तो शास्त्र शाखेत बारावीपर्यंत शिकलेला आहे. त्यानं फक्त पुढे जोडलं, "पन जरा हा जोर जाऊ दे. मंग ये."

"हाव," कडूबा म्हणाला. "जोर गेल्यावर येतो."

त्यानं चपला पायात घातल्या. पावसाचे शिंतोडे समताच्या अंगावर येत होते, म्हणून जाताना त्यानं दार बाहेरून ओढून घेतलं. समता नंतर म्हणाली की तो चपला काढत होता तेव्हाच तिनं पोत्याकडे सरकून दाराजवळ जागा केली होती. तोंडानं मात्र तीही काही बोलली नाही. सासऱ्यासमोर कसं बोलणार?

'नाही' असं त्याला कुणीच म्हटलं नाही. गावात ही गोष्ट पुढे पुष्कळदा सांगितली गेली, आणि ती खरी आहे.

गावावर झालेला पाऊस बेताचाच होता. शेडनेटची जाळी फाटली नाही, इतका बेताचा. कोसळला तो वर, घाटाच्या बाजूला, जिथून नाला येतो. खोलीत बसलेल्यांना थोड्या वेळानं नाल्याकडून सलग घुमणारा आवाज ऐकू आला. माणिकराव म्हणाले, ढग लांब गेला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी तंबाखू काढली. आवाज वाढत होता, पण लांब जाणारा ढग असा का वाढेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते सगळं आयुष्य वर बघून घाबरत आले होते. खालून काही येईल हे सांगितलेलं असूनही ध्यानात राहिलं नव्हतं. शेवटी समता म्हणाली, "मामाजी, आता बलवा त्यायले."

शालिग्रामनं दार उघडलं आणि हाक मारली. हाक त्याला स्वतःलाच ऐकू आली नाही. तो नाल्याकडे धावला. रस्ता नव्हता. जिथे नळे होते तिथून भरड तपकिरी पाणी जात होतं, वर कपाशीच्या पराट्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर. शालिग्राम पाण्यात उतरायला निघाला तेव्हा बायकांनी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. वाहत्या पाण्यात पाय घालू नका, असं मॅडमनी सांगितलेलं होतं. हीसुद्धा सूचना तंतोतंत पाळली गेली.

कडूबा दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गावच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

तो नळ्यात बसला होता की बाहेर, हे कुणालाच माहीत नाही. लोक म्हणतात, सवयीनं नळ्यात गेला असणार. वंदनेला ते मान्य नाही. ती म्हणते, मॅडमनी नळ्यात नका बसू म्हटल्यापासून यांनी नळ्याचं नाव घेतलं नाही. ते काठावर बसले असतील, अलीकडच्या. काठावरचं पाणीही ओढून नेतं, तेवढा नाला फुगला होता. काठावरच का, असं कुणी विचारलं तर ती सांगते, "तिथून खोलीचं दार दिसते. जोर गेल्यावर कोनी उघडते का, ते पाहत बसले असतीन."



पुढले काही दिवस गावात एक विचित्र वाद चालला. माणिकरावांचं म्हणणं पडलं की कडूबा विजेनंच गेला. वीज आधी, पाणी मागून. पायाळू माणूस दुसऱ्या कशानं जातो का? डॉक्टरांनी पाण्यात बुडून असं स्पष्ट लिहून दिलं होतं, तरी गावातले निम्मे लोक माणिकरावांच्या बाजूचे. हा काही अडाणीपणाचा भाग नव्हता. वीज असती तर तो त्याच्या जन्माबरोबर आलेला लेख होता, सुईणीच्या वेळेपासून ठरलेला. पाणी म्हटलं की लगेच प्रश्न येतो: तो तिथे का होता? मग दार येतं, दाराच्या आत कोण होतं ते येतं. विजेनं सगळ्यांची सोय होत होती. मेल्यावरही त्यानं समजदारीनं वागावं, अशी गावाची अपेक्षा होती.

शालिग्राम या वादात पडला नाही. दहाव्याच्या दिवशी तो वंदनेच्या अंगणात येऊन बसला. छकुली सासरहून आली होती, तिनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं. मग वंदनेनं विचारलं, "भाऊ, त्यायनं तुमाले इचारलं होतं का?"

"हाव."

"काय म्हनले?"

शालिग्रामनं सांगितलं. 'येऊ का आत' हे सांगितलं, आपण काय म्हणालो तेही जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या बाजूचं एक अक्षर न जोडता. त्याच्या चांगुलपणाविषयी गावात दुमत नव्हतं, आणि या वेळीही त्यानं ते खरं करून दाखवलं.

वंदना म्हणाली, "आजवर त्यायनं कोनालेच इचारलं नव्हतं."

ती रागावली असती तर शालिग्रामला घरी जाता आलं असतं. तो दिवस मावळेपर्यंत तिथेच बसून राहिला. मनकर्णाबाई ओट्यावर होती. तिला यातलं किती ऐकू गेलं कळायला मार्ग नाही. ती मधूनमधून कुणाकडेही न बघता एकच सांगत होती: पाय आधी आले होते हे मीच सांगितलं, न सांगती तर कोनाले ठाव होतं?

हे तिनं त्यानंतरही चालू ठेवलं आहे. आता ऐकायला फारसं कुणी नसतं.

समताला डिसेंबरात मुलगी झाली, बुलढाण्यालाच. जन्म कसा झाला हे विचारायला कुणी आलं नाही. गावात अलीकडे तो प्रश्न विचारत नाहीत. माणिकराव कमरेसाठी गोळ्या घेतात आणि त्यांनी गुण येत नाही म्हणतात. शालिग्रामनं खोलीचं दार काढून मागल्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. अवकाळी आला तेव्हा बियाण्याची पोती भिजली. मुलगा म्हणतो, दार बसवून घेऊ. शालिग्राम 'घेऊ' म्हणतो आणि बसवत नाही. वंदना त्याच्याकडे कामाला जात नाही. दुसऱ्याच्या शेडनेटमध्ये जाते, फाट्याच्या पलीकडे. समोर भेटली तर बोलते, पोरगी कशी आहे विचारते. त्यानं शालिग्रामला आणखीच जड जातं.

सरकारी पातळीवर प्रकरण केव्हाच निकाली निघालं. वर गेलेल्या अहवालात असं नमूद आहे की, सदर दिवशी विजांच्या कडकडाटासह वादळी पावसाचा इशारा वेळेत प्रसारित झालेला होता. सदर गावी आपत्तीबाबत जनजागृती करण्यात आलेली होती. घटनास्थळापासून हाकेच्या अंतरावर पक्की इमारत उपलब्ध होती. मयत इसम इशारा मिळूनही सदर इमारतीत आश्रयास गेला नाही. घटनेचे कारण: वीज व अतिवृष्टी, नैसर्गिक आपत्ती.

त्या दिवशी गावाच्या शिवारात वीज कुठंच पडली नव्हती.